आत कोण शिरणार?

"पण मी सोडून गेलो, तर आत कोण शिरणार, भंतेजी?"

भंते धम्मसार विहाराच्या ओट्यावर बसून चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. सुई थांबली नाही.

"कुठे आत?"

"आगीत."

"हं," भंते म्हणाले, आणि पुढचा टाका घातला.

सुगत इंगोले अर्धा तास बोलत होता. सकाळी आठला मोटारसायकल टेकडीखाली लावून तो वर आला, तीनदा वाकून वंदन केलं, आणि मांडी घालायच्या आतच बोलायला लागला. भंते त्याला लहानपणापासून ओळखत होते. आईचं बोट धरून यायचा, तेव्हाही तो असाच बोलायचा. आधी बोलणं, मग बसणं.

आता तो तेहतीस वर्षांचा होता. महापालिकेच्या अग्निशमन दलात त्याला नऊ वर्षं झाली होती. आई अनोळखी माणसालाही पहिल्या दोन वाक्यांत सांगायची, "आमचा सुगत बंबावर असतो."

आणि गेली चार वर्षं हाच सुगत कॉम्प्युटर शिकत होता. कॉल नसेल तेव्हा केंद्रातल्या खाटेवर मांडीवर लॅपटॉप घेऊन. आधी गंमत म्हणून, मग पदविका म्हणून. शहरातल्या पाण्याच्या टाक्या कुठे आहेत, कुठल्या भरलेल्या आणि कुठल्या कोरड्या, हे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. केंद्रातले लोक तो वापरत होते.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. परीक्षा आणि मुलाखती आधीच झाल्या होत्या; आता या म्हणाले. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आज शनिवार.

"काय करते ही कंपनी?" भंतेंनी विचारलं.

सुगतने मान खाली घातली.

"मालाचे ट्रक असतात ना... कुठला ट्रक कुठे पोहोचला, ते पडद्यावर दाखवते."

"बरं."

"एवढंच. ट्रक कुठे आहे ते."

"ज्याचा माल असेल त्याला ते कळायला हवं असेल."

"हो, पण भंतेजी, कुठे ते आणि कुठे हे!" सुगतचा आवाज चढला. "मंगल कार्यालयाच्या आगीत अकरा माणसं बाहेर काढली आम्ही. अकरा! त्यातली चार मी एकट्याने. पेपरात फोटो आला होता. आयुक्तांनी शाल दिली. बंबावर आठ जण असतो, पण धूर दाटला की पहिला मीच शिरतो. विचारा कुणालाही. आता हे सोडून मी ट्रकचे ठिपके हलवत बसू?"

"मग बसू नकोस."

हे उत्तर त्याला हवं होतं, असं त्याला वाटत आलं होतं. ते मिळालं, तर बरं वाटलं नाही.

"तसं नाही..." तो म्हणाला.

भंतेंनी दोरा दाताने तोडला.

"घरी काय म्हणतात?"

"आई म्हणते, पक्की नोकरी कुणी सोडतं का. प्रणिता काहीच म्हणत नाही. फक्त एकदा म्हणाली, तुम्ही ड्यूटीवर असलात की मी सायरन ऐकते, आणि सायरन नसला की तो ऐकू येतोय का ते ऐकते."

"शहाणी आहे."

"तुम्हीही नोकरी सोडली होती ना, भंतेजी? पोस्टात होतात."

"एकवीस वर्षं."

"कसं ठरवलंत?"

भंतेंनी थोडा विचार केला.

"सायकल जमा केली."

सुगत वाट पाहत राहिला. पुढे काही आलं नाही.

"आज तुला सुट्टी?" भंतेंनी विचारलं.

"हो."

"आत्ता कॉल आला तर?"

"जातील की बाकीचे. रामदास आहे. रामदास काळबांडे, माझा जोडीदार. मी पुढे असतो, तो मागे नळी धरतो."

"ते आत शिरतील?"

"शिरतील. पण..."

भंतेंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला. सुगतचं 'पण' तिथेच राहिलं.

विहाराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये भांड्यांचा आवाज चालला होता. आज पौर्णिमा होती. भीमनगरच्या बाया भोजनदान घेऊन आल्या होत्या. बाराच्या आत भंतेंचं जेवण व्हायला हवं, म्हणून त्यांची घाई चालली होती. वांग्याच्या भाजीचा वास ओट्यापर्यंत येत होता.

आणि तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"जाळ! जाळ धरला! सिलिंडरनं जाळ धरला!"

सुगत उठला कधी ते त्यालाही कळलं नसेल. ओट्यावरून खाली उडी, विहाराला वळसा, आणि शेडच्या दारात.

सिलिंडरच्या तोंडाशी नळी चिरली होती. तिथून पिवळा जाळ हातभर वर उठत होता. पाच-सहा बाया भिंतीला चिकटल्या होत्या. एकीच्या हातात अजून पोळीचं लाटणं होतं.

"मागे व्हा! सगळ्या मागे व्हा!" सुगत ओरडला आणि पुढे झेपावला.

त्याच्या बरगडीत कोपर बसलं.

"बाजूले हो ना, बाप्पा! वाटंत कायले येतं?"

एक म्हातारी होती. सत्तरीची, काटकुळी, हिरवं लुगडं. तिने पाण्याच्या बादलीतून भिजलेलं गोणपाट उचललं होतं. दोन्ही हातांनी ते आपल्यापुढे ताणून धरत ती सिलिंडरशी गेली. घाई नाही. गोणपाट तिने आपल्या बाजूने पलीकडे टाकलं, चादर घालावी तसं. जाळ दबला. गोणपाटाखालून तिने हात घातला आणि रेग्युलेटरचं बटण पिळलं.

फुस्स झालं. संपलं.

"कोनी काडी लावू नका आता," ती बायांना म्हणाली. "वास जाऊ द्या आधी. शांते, थे चूल पेटव बाहेर, तिकडं, लांब. भाजी तेवढी राह्यली."

मग ती सुगतकडे वळली.

"अन् तू रे? असं धावत यायचं असते? जाळ अंगावर येते ना! गोणपाट आपल्याकडून तिकडं टाकायचं. तिकडून आपल्याकडं नाही. मंग कान पिळायचा. घाबरायचं नाही. समजलं का?"

"समजलं," सुगत म्हणाला.

"भेला काय?"

"थोडा."

"होते तसं पहिल्यांदा."

सुगत त्या म्हातारीकडे पाहत होता. मग त्याने विचारलं, "कुणी शिकवलं तुम्हाला, माय?"

"बंबवाले आले होते आमच्या भीमनगरात. झाले दोन वर्सं. समाजमंदिरापाशी सिलिंडर पेटवून दाखवलं त्याईनं. त्यात एक पोरगा होता, लय भरभर बोले. जसं काही त्याची गाडी सुटून राह्यली. म्या म्हटलं, बाप्पा, पुन्हा सांग. त्यानं पुन्हा सांगतलं. म्या म्हटलं, अजून नाही समजलं. तवा मंग त्यानं माह्या हातातच गोणपाट देल्लं. म्हणे, तुम्हीच करा."

"त्याचं नाव काय होतं?"

"नाव कायले ध्यानात राहते? डोक्शावर लोखंडाची टोपी होती. त्यात चेहराच दिसे नाही."

बाया हसल्या. ज्या बाईच्या हातात लाटणं होतं, तिने ते आता खाली ठेवलं.

सुगतला ती दुपार आठवली. दुपारचं ऊन, समाजमंदिराची सावली, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी, जी मधे मधे हात वर करत होती. प्रात्यक्षिकाची ड्यूटी कुणालाच नको असायची. सुगतला तर मुळीच नाही. ज्यांना आगीत शिरता येत नाही त्यांची ती कामं, असं तो केंद्रात बोलून दाखवायचा. त्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं म्हणून त्याला जावं लागलं होतं. लवकर उरकावं म्हणून तो भरभर बोलत होता.

म्हातारीला त्याने काही सांगितलं नाही. चिरलेली नळी सोडवून बाजूला ठेवली, सिलिंडर उचलून बाहेर मोकळ्यात नेला, तोंड तपासलं, झाकण लावलं.

"हे तुले येते वाटते," म्हातारी म्हणाली.

"थोडं थोडं," सुगत म्हणाला.

तो ओट्यावर परतला, तेव्हा भंते चीवराची घडी घालत होते.

"लवकर आलास."

"माझं काम नव्हतं तिथे."

सुगत हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. डोळ्यांत पाणी आलं. भंतेही हसले. दोघं बराच वेळ हसत होते. समोरच्या लिंबाच्या झाडावरून एक होला उडून गेला.

मग सुगतचं हसू थांबलं.

तो आपल्या तळव्यांकडे पाहत बसला.

"भंतेजी, मी एक गोष्ट सांगितली नाही तुम्हाला."

भंते थांबले.

"कुणालाच सांगितली नाही."

"मागच्या महिन्यात लाकडाच्या वखारीला आग लागली. दुपारची वेळ. मालकाचा गडी आत अडकलाय असं कुणीतरी म्हणालं. आम्ही शिरलो. मी पुढे, रामदास मागे. धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. आणि तिथे... तिथे मला सुचलं."

"काय सुचलं?"

"पुण्याच्या कंपनीने परीक्षेसाठी घरी करायला दिलेल्या ट्रकच्या प्रोग्रॅममधली चूक. चार दिवस सापडत नव्हती. ट्रकच्या दोन वेळांची मी अदलाबदल केली होती. सुटल्याची वेळ पोहोचल्याच्या जागी. त्या धुरात ती मला दिसली. स्वच्छ दिसली, भंतेजी. आणि मला आनंद झाला."

"मग?"

"मग वरून वासा पडला. माझ्यापासून हातभर. रामदासने ओरडून मला मागे ओढलं." सुगतने ओठ पुसले. "किती वेळ गेला असेल? तीन सेकंद. पाच. गडी आधीच मागच्या दाराने निघून गेला होता, हे नंतर कळलं. कुणाला काही झालं नाही. कुणाला काही कळलंही नाही."

भंते त्याच्याकडे पाहत होते.

"त्या दिवशी आत कोण शिरलं होतं?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं, जसं एखाद्याला वेळ विचारावी.

मागे शेडच्या बाहेर चूल पेटली होती. बाया एकमेकींना काहीतरी सांगत होत्या, बहुधा मघाचंच, आणि दर वेळी सांगण्यातला जाळ थोडा मोठा होत होता.

"रामदास," शेवटी सुगत म्हणाला. "रामदास शिरला होता."

भंतेंनी मान हलवली नाही. होकाराची नाही, की नकाराचीही नाही.

"आणि ते ट्रकचं काम," थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते करताना आगीची आठवण येते?"

"नाही."

"काय होतं?"

"चहा गार होतो," सुगत म्हणाला. "प्रणिता दोनदा गरम करून देते, तरी गार होतो."

हे बोलताना त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की त्याचं त्यालाच जाणवलं, आणि तो ओशाळला.

"ओशाळतोस कशाला?"

"छोटं काम वाटतं ते."

"कुणाला?"

अकराला जेवण तयार झालं. सुगतने वाढायला मदत केली. म्हातारीचं नाव द्रुपदाबाई, हे त्याला तेव्हा कळलं. तिने त्याच्या हातातून वरणाचं भांडं काढून घेतलं, कारण तो सांडत होता, आणि पाण्याची बादली हातात दिली. भंतेंचं झाल्यावर सगळे जेवले. वांग्याच्या भाजीला किंचित धुराचा वास लागला होता. सुगतने ती दोनदा घेतली.

जेवण झाल्यावर तो लिंबाखाली गेला. टेकडीवर तिथेच फोनला रेंज मिळायची. त्याने रामदासला फोन लावला.

"बोल," रामदास म्हणाला. मागे केंद्रातला रेडिओ वाजत होता.

"रामदास, मी नोकरी सोडतोय."

"पुण्याचं?"

"हो."

"बरं झालं."

"एक सांगायचं होतं. त्या दिवशी वखारीत..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू तिथं नव्हतास. नळी हातात ढिली पडली तुझ्या. मी मागं होतो ना, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"धरली ना मी नळी. अजून काय बोलायचं?"

"आता पुढे कोण होईल?" सुगतने विचारलं.

"मी होईन की," रामदास म्हणाला. "नऊ वर्षं तुझी पाठ बघतोय. कंटाळा आला होता." आणि तो मोठ्याने हसला. "ऐक, तो टाक्यांचा प्रोग्रॅम आहे ना, तो मात्र नीट करून जा. पाण्याच्या टाकीची खूण एका जागी दाखवतो अन् टाकी असते गल्लीच्या पलीकडं. परवा दोन मिनिटं गेली आमची."

"दोन मिनिटं?"

"दोन."

"आज करतो," सुगत म्हणाला.

त्याने खरोखर त्याच दिवशी केलं. दुपारी घरी जाऊन बसला तो दिवेलागणीला उठला. प्रणिताने चहा तिसऱ्यांदा गरम केला नाही. नुसती शेजारी बसली.

सोमवारी त्याने पुण्याला होकार कळवला आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. अधिकारी आधी चिडले, मग म्हणाले, महिनाभर थांबावं लागेल. सुगत म्हणाला, थांबतो. त्या महिन्यात प्रात्यक्षिकांची ड्यूटी त्याने मागून घेतली. केंद्रात सगळ्यांना नवल वाटलं. चार वस्त्या झाल्या, दोन शाळा झाल्या. पुढच्या रांगेत कुणी हात वर केला की तो थांबायचा, आणि गोणपाट त्या माणसाच्या हातात द्यायचा.

कॉलही आले. तीन. तिन्हींना तो गेला. रामदास पुढे होता आणि सुगत मागे नळी धरून. मागून आग कशी दिसते, ते त्याने नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. दिसत नाही फारशी. पुढच्याची पाठ दिसते, आणि हातात नळीचा दाब कळतो. त्या तिन्ही वेळा त्याचं लक्ष कुठेही गेलं नाही.

शेवटच्या दिवशी केंद्रातल्यांनी त्याला बंबावर बसवून घरापर्यंत सोडलं. आई दारात उभी होती. ती रडली, आणि रडता रडता शेजारणीला म्हणाली, "आमचा सुगत पुण्याला कॉम्प्युटरवर असतो आता." तो अजून गेलाही नव्हता.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो प्रणिताला घेऊन टेकडीवर आला. दोघांनी वंदन केलं. भंते ओट्यावरच होते. या वेळी सुगत आधी बसला.

ऊन चढत होतं. खाली शहराची छपरं दिसत होती, आणि सगळं जागच्या जागी होतं.

"बरं आहे ना?" भंतेंनी प्रणिताला विचारलं.

"हो, भंतेजी. झोप लागते."

"आणि तुला?"

"मलाही," सुगत म्हणाला. "पण..."

भंते किंचित हसले. प्रणिताही हसली.

"तसं नाही, भंतेजी. मन आता शांत आहे. पण लोक थांबत नाहीत. नातेवाईक, वस्तीतले, जुने ओळखीचे. रोज कुणीतरी घरी येतं. एवढी पक्की नोकरी, एवढं पुण्यकर्म, लोक पाया पडायचे तुझ्या, आणि सोडलंस? का सोडलंस? मी एकाला एक सांगतो, दुसऱ्याला दुसरं. कुणालाच पटत नाही. पुण्यातही विचारतील, आधी काय करायचास, मग इकडे कसा आलास." तो पुढे झुकला. "दारात येऊन विचारणाऱ्याला मी काय सांगू?"

भंतेंनी टेकडीच्या पायवाटेकडे पाहिलं. दोन माणसं डोक्यावर पंचा घेऊन वर चढत होती, अजून लांब होती.

"उन्हातून आलेला असतो तो," भंते म्हणाले. "आधी पाणी दे."